गोदीची धूळ

मंगळवार, ५ सप्टेंबर २००६

अर्नीला पोचवून आलो. चर्चमध्ये आम्ही गोदीवाले मागच्या बाकांवर, नेहमीसारखे. पूर्वी दाटीवाटी व्हायची. आज एकाच बाकावर ऐसपैस बसलो आणि उरलेल्या जागेत कोट ठेवले.

क्लिफ कानाशी लागला— 'आपल्या टोळीतले आता तू नि मी. पुढचा कोण, नाणं उडवूया का?' मला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. क्लिफने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

नंतर सँडविच खाताना अर्नीच्या सुनेने विचारलं, 'सासरे गोदीत नेमकं काय करायचे हो?' म्हटलं, बाई, लेप द्यायचे. जहाजाच्या इंजिनघरात वाफेचे नळ असतात, उघडे ठेवले तर कातडी सोलून निघेल. त्यांच्यावर आम्ही अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा लेप चढवायचो. पोतं फोडायचं, भुकटी पाण्यात कालवायची, हातांनी थापायची. माकडाचं शेण म्हणायचो आम्ही त्याला! ती हसली. मग एकदम थांबली, कारण सासरा कशाने गेला ते तिला ठाऊक होतं. ती धूळ छातीत तीस-चाळीस वर्षं गपचूप बसून राहते आणि मग उठते.

त्या दुखण्याचं नाव आमच्यात कोणी घेत नाही. काम सुटलं की गोदीत भोंगा व्हायचा, तेवढंच म्हणतात— अर्नीचा भोंगा झाला.

घरी आलो. बायकोने, बेरिलने, दारातच विचारलं, 'खोकलास का तिथे?' नाही, म्हटलं.

बुधवार, ६ सप्टेंबर

सकाळी खोकलो. दुपारी नाही. संध्याकाळी परत. सिगारेट सोडून जमाना झाला, तरी खिसे चाचपले!

शनिवार, ९ सप्टेंबर

गोदीत माझी पाळी. निळा कोट, छातीवर बिल्ला— 'विल्फ. विचारा मला!' काय विचारतात? शौचालय कुठे आहे, आणि आइस्क्रीम कुठे मिळतं.

हसू येतं कधी कधी. ज्या शेडमध्ये मुकादम आमच्या आयांचा उद्धार करायचा, तिथे आता लव्हेंडरचे साबण विकतात. सुक्या गोदीत आमची जुनी लढाऊ विनाशिका टेकूंवर उभी आहे, रंगरंगोटी करून, लग्नाला निघालेल्या म्हातारीसारखी. सरकारने गोदी बंद केली तेव्हा आख्खं गाव रडलं होतं. मग संग्रहालय झालं, आम्हाला बोलावलं, आणि आम्ही कुत्र्यासारखे शेपूट हलवत परत आलो. खोटं कशाला लिहू— मला आवडतं तिथे. घरी मी नुसता म्हातारा असतो.

फिलिपा भेटली. मुलांच्या कार्यक्रमांचं ती बघते. हुशार पोरगी, सदा पळत असते. आठवणी गोळा करायचं यंत्र घेऊन मला नि क्लिफला कॅन्टीनमध्ये बसवलं. 'दुःखाचं नको हं, विल्फ. मुलांसाठी आहे. गमतीचं काहीतरी सांगा!'

क्लिफ सुटलाच. मुकादम जेवायला गेला की इंजिनघरात आम्ही त्या ओल्या लेपाचे गोळे करून एकमेकांना हाणायचो. पोरं होतो सगळी. अर्नीचा नेम पक्का. क्लिफच्या कानात एकदा असा गोळा बसला की आठवडाभर त्याला डाव्या बाजूने ऐकू येईना. सगळे पांढरे भूत! मी पण भर घातली. तिघंही इतके हसलो की फिलिपाने डोळे पुसले.

कशाचे गोळे, ते तिने विचारलं नाही. आम्ही 'लेप' म्हणालो, 'माकडाचं शेण' म्हणालो. तिला वाटलं असेल पीठबीठ, नाहीतर प्लास्टर.

बुधवार, १३ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. बेरिलने ढकललंच. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, पाठ ऐकली, गोदी म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. 'फोटो काढून घेऊ, मिस्टर पॅकम. मशीनचाही काढू, आतला.' आवाज फार गोड होता. अर्नीशीही त्या अशाच गोड बोलल्या होत्या.

गुरुवार, २१ सप्टेंबर

फिलिपा धावत आली. 'विल्फ, तुमची गोष्ट सगळ्यांना इतकी आवडली!' शाळांच्या सुट्टीत खेळ करणार आहेत. जुन्या बॉयलर शेडमध्ये नळ उभे करायचे, मुलांना कागदी कामाचे कपडे घालायचे, बादलीत कागदाचा लगदा नि खडूची पूड. मुलांनी लेप थापायचा आणि मग— एकमेकांना गोळे हाणायचे! 'तुम्ही आणि क्लिफ शिट्टी वाजवाल? खरे गोदीवाले!'

तोंड उघडलं होतं मी. पण ती इतकी खूश होती. आणि आमचं काही कधी कोणी दाखवलंय का इथे? अॅडमिरलांच्या तलवारी काचेत, सुतारांच्या पटाशा काचेत, दोरवाल्यांचं आख्खं घर राखलंय. लेपवाल्यांची एक बादली नाही!

बाहेर आल्यावर क्लिफला म्हटलं, 'तिला सांगायला हवं.' तो म्हणाला, 'काय सांगणार? मेलेल्यांच्या गोष्टी ऐकायला कोणी तिकीट काढत नाही. कागदाचा लगदा आहे, विल्फ. लगद्याने कोणी मरत नाही.'

खरं आहे. लगद्याने नाही मरत. सांगितलं नाही.

गुरुवार, २८ सप्टेंबर

फोटो काढून आलो. हॉस्पिटल टेकडीवर, बस खालीच सोडते. बेरिल सोबत आली, नको म्हणत होतो तरी. चढावर दोनदा थांबली. एकदा दुकानाची खिडकी बघायची म्हणून, एकदा बुटात खडा गेला म्हणून. मी चिडलो. 'फोटो माझा आहे नि थांबतेस तू!' ती म्हणाली, 'जा पुढे. खुर्ची धरून ठेव माझ्यासाठी.' गेलो पुढे.

आत मशीनवाल्याने सांगितलं, श्वास घ्या, रोखून धरा. रोखला. मनात आलं, आता असाच थांबला तर?

निकाल चार आठवड्यांनी. चार आठवडे माणसाने काय करायचं?

रविवार, ८ ऑक्टोबर

गेलचा फोन. आमची एकुलती एक. ब्रिस्टलला शाळेत शिकवते, पंचेचाळीसची झाली, पण बापाशी अजून वर्गात बोलल्यासारखंच बोलते. 'बाबा, गोळ्या घेताय ना? आईला द्या.' मग दोघी बराच वेळ. परत मला— 'आईचा आवाज असा का येतोय?' म्हटलं, सर्दी आहे, महिना झाला, जात नाही मेली. 'डॉक्टरकडे न्या तिला.' नेतो म्हटलं. आधी माझं कळू दे, मग सावकाश नेतो.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आरशासमोर उघडा उभा राहून छाती बघत होतो. काय दिसणार होतं? बेरिलने पकडलं. 'सौंदर्यस्पर्धा आहे वाटतं!' आणि हसता हसता पलंगावर बसली ती बसलीच. दम खात होती. मला वाटलं, माझ्या काळजीनेच वाळत चालली आहे ही.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खेळ सुरू झाला आज.

तोबा गर्दी! आयाबाया, आजोबा, ढकलगाड्या. मुलं पांढऱ्या कागदी कपड्यांत, बाह्या दुमडलेल्या. क्लिफने कुठून तरी जुनी टोपी पैदा केली होती. मी शिट्टी मारली आणि जे काही सुटलं! गोळे, किंचाळ्या, पांढरा धुरळा. लगदा वाळला की त्यातली खडूची पूड उडते, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. उन्हाचा एक पट्टा वरच्या खिडकीतून येत होता आणि त्यात ती पूड तरंगत होती, सावकाश, खाली यायची घाई नसल्यासारखी.

मी तो पट्टा ओळखला. आम्ही पोती फोडायचो तीच शेड, तीच खिडकी, तसाच धुरळा. खडू आहे, खडू आहे, असं मनात घोकत शिट्टी धरून उभा राहिलो. एक लहानगी माझ्यासमोर आली, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. 'अजून एकदा!' म्हणाली. मी तिचं तोंड रुमालाने इतक्या जोरात पुसलं की ती रडायला लागली.

बेरिल आली होती बघायला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वेशीच्या आत. आमच्या काळी बायकांना दारापर्यंतच. तिला कट्ट्यावर बसवलं, चहा दिला. खेळ संपल्यावर एक आई बाहेर आपल्या पोराचा कोट भिंतीवर झटकत होती. फटाफट! पांढरे लोट. बेरिल तिच्याकडे बघत राहिली. चहा निवला तरी बघत होती.

'आपण अस्संच करायचो,' म्हणाली.

'कोण आपण?'

'गल्लीतल्या बायका.' मग म्हणाली, 'घरी जाऊया विल्फ, मला गार वाटतंय.'

गुरुवार, २६ ऑक्टोबर

स्वच्छ!!

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. माझी छाती— दोन काळी पानं, जागोजागी जुन्या खुणा, पण ते नाही. ते नाही! 'खोकला घशाचा आहे, मिस्टर पॅकम. रात्रीचं लोणचं कमी करा.' लोणचं! मी त्यांचा हात धरून हलवत राहिलो, सोडेचना. त्यांनाच हसू आलं.

बस थांब्यावर एका अनोळखी माणसाला सांगितलं. त्याने टोपी काढून अभिनंदन केलं. क्लिफला फोन केला. पलीकडून— 'साल्या, सगळ्यांना पुरून उरणार तू!' तळलेला कॉड मासा आणि चिप्स आणले, भरपूर व्हिनेगर मारून. बेरिलने मिठी मारली. गालाला तिचा गाल लागला तो तापलेला. दोन घास खाऊन ताट सरकवलं. 'तूच खा. आज तुझा दिवस आहे.'

खाल्लं. तिचंही खाल्लं.

गुरुवार, २ नोव्हेंबर

बेरिल जिन्यात बसून होती. मी बाजारातून आलो तर मधल्या पायरीवर, हातात कपड्यांची टोपली, ओठ निळसर. 'जरा टेकले होते.' किती वेळ टेकली होती कोण जाणे. अँब्युलन्स बोलावली. तिने आधी एप्रन बदलायला लावला.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

उजव्या बाजूला पाणी झालं आहे. नळी घालून काढताहेत. बिअरच्या रंगाचं पाणी. बाटली भरते, बदलतात, परत भरते. सोबत एक तुकडा तपासायला पाठवला. न्यूमोनिया असेल, म्हटलं. नर्स म्हणाली, बघूया.

गेलला सांगितलं. ती रडली नाही. 'बाबा, तिला ऑगस्टपासून दम लागत होता. मला बोलली होती. तुमचा निकाल येईपर्यंत थांब म्हणाली.'

ऑगस्टपासून! आणि मी टेकडीवर खेकसलो तिच्यावर. 'पुढे जा' म्हणाली, तर गेलो खरोखर.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

तुकड्याचा निकाल आला. दोघं गेलो हॉस्पिटलात.

मोठ्या डॉक्टरांनी दोघांना बसवलं. तरुण माणूस, टाय सैल. त्यांनी बेरिलला विचारलं, 'मिसेस पॅकम, तुमच्या यजमानांचं काम काय होतं?' मीच बोललो, 'साहेब, माझं बघून झालंय. स्वच्छ आहे. हिच्याबद्दल बोला.' त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. परत तिलाच विचारलं— 'कामाचे कपडे कोण धुवायचं?'

बेरिल म्हणाली, 'मीच की.' आणि मग सांगायला लागली, शांतपणे, पाककृती सांगावी तशी. शुक्रवारी हा कपडे घरी आणायचा. सोमवार धुण्याचा. आधी मागच्या भिंतीवर आपटून झटकायचे, नाहीतर हंड्यात नुसता चिखल व्हायचा. सगळ्या गल्लीचं एकदमच चालायचं, या अंगणातून त्या अंगणात गप्पा मारत. बाह्या उलट्या करायच्या. खिसे उलटे करायचे. 'गल्लीत माझ्याइतके लखलखीत कोणाचे निघायचे नाहीत, डॉक्टर. आयव्ही आळशी होती, दोनदा आपटून टाकायची हंड्यात. मी हात दुखेपर्यंत आपटायची.'

डॉक्टरांनी नाव घेतलं दुखण्याचं. फुप्फुसाच्या अस्तराचं ते. आमच्यात कोणी घेत नाही ते नाव, ते त्यांनी तिला सांगितलं. मला नाही— तिला!

म्हणे वसंतापर्यंत. कदाचित.

मी इतकी वर्षं माझ्या छातीचे आवाज ऐकत बसलो होतो. शेजारच्या उशीवरचे ऐकले नाहीत.

बाहेर आल्यावर तिने माझा मफलर नीट केला. 'तू काही मुद्दाम नाही आणलंस. आणि आता रडू नकोस, लोक बघताहेत.'

शनिवार, ११ नोव्हेंबर

युद्धात पडलेल्यांचा दिवस. गोदीत अकरा वाजता सगळे स्तब्ध उभे. कोटांवर लाल कागदी फुलं, बिगुल, झेंडा खाली. मीही उभा होतो. नावं वाचली. जहाजांवर मेले त्यांची नावं. जहाजं बांधून मेले, ते त्या दगडावर नाहीत. त्यांचे कपडे धुवून ज्या मरतात, त्यांना दगड कुठला!

बिगुल संपला आणि शेडमधून मुलांच्या किंचाळ्या आल्या. सुट्टी संपली तरी शनिवार-रविवार खेळ चालू ठेवला आहे. फार चालतोय म्हणे.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

फिलिपाकडे गेलो. तिच्या टेबलावर त्या गोळ्यांची छापील चित्रं होती, नाताळच्या जाहिरातीसाठी. बसा म्हणाली. बसलो नाही.

म्हटलं, 'पोरी, ते गोळे कशाचे होते ते तू विचारलं नाहीस आणि आम्ही सांगितलं नाही.' मग सांगितलं. अर्नी कसा गेला. टोळीतले बाकीचे कसे गेले. आणि बेरिल. बेरिलचं खिडकीबाहेर बघून सांगितलं.

ती पांढरी पडली. 'पण तुम्ही हसत होतात, विल्फ. दोघंही हसत होतात.' हो, हसत होतो. रडत कसं सांगणार होतो? अर्नीची ती एवढीच गोष्ट होती ज्यात तो मरत नाही.

ती उठली, शेडमध्ये गेली आणि बादल्या स्वतःच्या हाताने बाहेर ओतल्या. दारावर 'बंद' लावलं. वरच्यांनी तिला काय सुनावलं मला माहीत नाही. डोळे सुजले होते तिचे.

क्लिफला कळलं तेव्हा तो माझ्यावर धावून आला. गेटजवळ, सगळ्यांसमोर. 'एवढी एक जागा उरली होती जिथे आपण कोणीतरी होतो! तीही घाण केलीस. आता लोक आपल्याला काय म्हणून बघतील? रोगी म्हणून!' मी बेरिलचं सांगायला गेलो. त्याने ऐकलं नाही, टोपी भिरकावून गेला.

शनिवार, १८ नोव्हेंबर

क्लिफ दारात. हातात कांद्याच्या लोणच्याची बरणी. बेरिलजवळ तासभर बसला, तोंडाचा पट्टा चालूच. 'बेरिल, तुझ्या नवऱ्याला तरुणपणी पोहता येत नव्हतं हे तुला माहिती आहे का? आरमाराच्या गोदीत!' ती हसली, खोकली, परत हसली. लोणचं एक बोट चाटलं तिने.

जाताना मी पोचवायला गेलो. फाटकाशी थांबला. 'आयव्हीला न्यूमोनिया म्हणाले होते,' म्हणाला. आयव्ही त्याची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. 'दोनदा आपटायची फक्त. आळशी होती.' आणि फाटक उघडं टाकून निघून गेला.

शनिवार, २५ नोव्हेंबर

विनाशिकेवर माझी फेरी. वीसेक माणसं घेऊन इंजिनघरात उतरलो. नेहमीचं सांगितलं— केवढी ताकद, केवढा वेग. मग नळांपाशी थांबलो आणि बाकीचं सांगितलं. त्यांना म्हटलं, भिऊ नका, सगळं काढून टाकलंय, आता नळांवर नुसतं रंगवलेलं कापड आहे. तरी ज्यांनी हात टेकले होते त्यांनी ते काढून घेतले. एकाने विजारीला पुसले.

बायकांचं सांगितलं. सोमवारचं सांगितलं. वर आल्यावर एकाने तक्रार केली की सुट्टीच्या दिवशी हे ऐकायला आम्ही आलो नव्हतो. फिलिपा त्याला म्हणाली, 'तिकिटाचे पैसे परत देते, पण फेरी अशीच राहील.' मला वाटलं होतं, बरं वाटेल सांगून. नाही वाटलं. बेरिल वसंतापर्यंतच आहे.

रविवार, ३ डिसेंबर

गेल आली, शाळेतून रजा घेऊन. पुढच्या खोलीत पलंग आणला खाली. तिनेच ढकलला, जिन्यातून, मला हात लावू दिला नाही. धापा टाकत होती. आईचे केस विंचरते, मला ओरडते, सूप करते. घरात परत आवाज आहे. बेरिल तिच्याकडे सारखी बघते. ती खोलीभर फिरते तसे हिचे डोळे फिरतात. मी म्हटलं, 'काय बघतेस एवढं?' 'काही नाही,' म्हणाली.

मंगळवार, ५ डिसेंबर

नवं औषध सुरू. दुखणं कमी, पण जुन्या दिवसांत जाऊन येते. मला म्हणाली, 'भोंगा झाला का? पाणी तापवते तुझ्या आंघोळीला.'

संध्याकाळी शुद्धीत होती. गेलचा हात धरून म्हणाली, 'तू तुझा फोटो काढून घे हं.' गेल म्हणाली, 'आई, मी ठणठणीत आहे.' 'तुझे बाबाही ठणठणीतच आहेत,' बेरिल म्हणाली. गेलला हसू आलं. तिला वाटलं औषधाने बरळते आहे.

शुक्रवार, ८ डिसेंबर

चहा पाजत होतो चमच्याने. तिने मनगट धरलं. डोळे अगदी स्वच्छ. 'विल्फ, गेल तान्ही होती तेव्हा तिची बाबागाडी आपण पुढच्या दाराशी ठेवायचो ना? सोमवारी?'

'हो,' म्हटलं. 'पुढेच. नेहमी.'

'हं,' म्हणाली. डोळे मिटले.

पुढे कधीच नव्हती. पुढून कोळशाच्या गाड्या जायच्या. 'लेकराला मोकळी हवा मिळू दे' म्हणून नर्स सांगून गेली होती, तेव्हा बाबागाडी मागच्या अंगणात असायची, त्याच भिंतीखाली, छप्पर मागे पाडून. बेरिललाही ते माहीत आहे.

गेल स्वयंपाकघरात भांडी विसळते आहे. तिला मीच सांगायला हवं.